शुक्राणू, जस्त आणि मेडिकलमधली कॅप्सूल

मंडळी, पुरुषांच्या प्रजननक्षमतेसाठी विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलची पट्टी उलटी करून बघा. जस्त (म्हणजे झिंक), सेलेनियम, फॉलिक अ‍ॅसिड, बी-12, क आणि ई जीवनसत्त्वं, सोबत एल-कार्निटिन, को-एन्झाइम क्यू-10 आणि लायकोपीन. दहा-बारा नावं बारीक अक्षरांत कोंबलेली असतात. यातलं प्रत्येक द्रव्य शुक्राणूसाठी काही ना काही काम करतं, हे खरंच आहे. पण ज्याच्या शरीरात ते आधीच पुरेसं आहे, त्याला जास्तीचं दिल्याने शुक्राणू वाढतात का? आजचा विषय या एका प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

आधी शुक्राणू नीट पाहू. डोक्यात डीएनए घट्ट आवळून बसवलेला, मधल्या भागात ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया गुंडाळलेले आणि मागे शेपूट. वजन हलकं राहावं म्हणून पेशीतला बहुतेक पेशीरस काढून टाकलेला असतो, आणि त्याबरोबर ऑक्सिडीकरणापासून वाचवणारी विकरंही बरीचशी जातात. वरच्या आवरणात असंपृक्त मेदाम्लं भरपूर, म्हणजे ते ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंना सहज बळी पडतं. म्हणून बाहेरून पहारा लागतो. आवरणातल्या मेदात ई जीवनसत्त्व आणि भोवतालच्या वीर्यद्रवात क जीवनसत्त्व हे काम करतात. वीर्यातलं क जीवनसत्त्वाचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं. सेलेनियमचं काम वेगळं. त्यापासून बनणारं एक प्रथिन मधल्या भागाचा सांगाडाच तयार करतं. ते कमी पडलं की शेपूट तिथेच वाकते किंवा तुटते. मात्र हे आक्रमक रेणू अगदी शून्यावर आणूनही चालत नाही. बीजांडात शिरण्याआधी शुक्राणूत जे शेवटचे बदल घडतात, त्यांना ते थोडे लागतातच.

आता जस्त, कारण खरी गंमत तिथे आहे. 1958 साली इराणमध्ये शिराझला डॉ. आनंद प्रसाद यांच्यासमोर एक रुग्ण आला. वय 21, दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा, वयात आल्याची एकही खूण नाही. खाणं जवळजवळ फक्त बिनखमिराच्या रोटीचं, त्यात माती खायची सवय. पुढे इजिप्तमधल्या अशाच तरुणांना जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढली आणि ते वयात आले. माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हे वैद्यकाला कळलं ते या प्रसादांमुळे. ते मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. त्या रोटीत जस्त नव्हतं असं नाही. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट जस्ताला धरून ठेवतं आणि आतड्यातून शोषू देत नाही. खमीर आलं की फायटेट मोडतं.

हे आपल्यालाही लागू आहे. आपली चपाती बिनखमिराची, भाकरीही बहुतेक घरांत तशीच. म्हणूनच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढ पुरुषासाठी दिवसाला 17 मिलिग्रॅम जस्त सांगितलं. मटकीला मोड आणणं, आंबोळीचं पीठ आंबवणं, हरभरे रात्रभर भिजवून पाणी फेकणं, याने फायटेट कमी होतं. तिळाचं कौतुक फार होतं, पण हिशेब करून बघा: 100 ग्रॅम तिळात सात-आठ मिलिग्रॅम जस्त असतं, म्हणजे तिळाच्या चटणीचे दोन भरलेले चमचे जेमतेम दीड मिलिग्रॅम देतात. मटण आणि अंडी यांतलं जस्त सहज शोषलं जातं. किनाऱ्यावर कालवं मिळत असतील तर त्यांची बरोबरी कशालाच नाही.

मग कॅप्सूल का नको? अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांना सहा महिने रोज 30 मिलिग्रॅम जस्त आणि 5 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं. शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार यांत फरक पडला नाही. मूल जन्माला येण्याचं प्रमाण गोळीच्या गटात 34 टक्के आणि नकली गोळीच्या गटात 35 टक्के. उलट डीएनए तुटलेल्या शुक्राणूंचं प्रमाण किंचित वाढलं आणि पोटाच्या तक्रारी वाढल्या. क, ई, सेलेनियम, कार्निटिन अशा मिश्रणाच्या चाचणीतही फायदा दिसला नाही. ही माणसं सरसकट कमतरतेची नव्हती, हे ध्यानात ठेवा.

कमतरता मात्र आपल्याकडे आहे, विशेषतः बी-12ची. पुण्यात 441 मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 67 टक्क्यांचं बी-12 कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्क्यांचं. डीएनएची नक्कल होताना बी-12 लागतं आणि शुक्राणू बनताना पेशी सतत विभागत असतात. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल, तर ही तपासणी आधी करा. ड जीवनसत्त्व कमी असेल तर जरूर भरून काढावं, फक्त त्याने काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. दर आठवड्याला 60,000 युनिटचं पाकीट डॉक्टर साधारण आठ आठवडे देतात. लोक ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, मुतखडा असं मागे लागतं.

गोळी घ्यायची ठरलीच तर एक गोष्ट तपासा. ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 55 मिलिग्रॅम’ म्हणजे 55 मिलिग्रॅम जस्त नव्हे. त्यात प्रत्यक्ष जस्त सुमारे 20 असतं. आता बी-कॉम्प्लेक्समध्ये 20, प्रजननाच्या कॅप्सूलमध्ये 20, केसांच्या गोळीत आणखी थोडं, अशी बेरीज सहज 40 च्या वर जाते, आणि दिवसाला 40 ही प्रौढांसाठी वरची मर्यादा मानतात. महिनोन् महिने त्याहून जास्त घेतलं तर तांबं शोषलं जात नाही. रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात. सेलेनियम दिवसाला 400 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ई जीवनसत्त्व स्वतःच्या मनाने घेऊ नका. जस्ताची गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून थोडं खाऊन घ्या. लोहाच्या गोळीपासून आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकांपासून दोन-तीन तास लांब ठेवा. ड आणि ई जेवणाबरोबर.

वीर्यतपासणीचा नमुना दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर द्यायचा, लॅबच्या डबीत सगळाच्या सगळा. पहिला थेंब सांडला तर ते सांगा, कारण सुरुवातीच्या भागातच शुक्राणू सर्वाधिक असतात. घरून नेत असाल तर अर्ध्या-पाऊण तासात, खिशात अंगाजवळ ठेवून न्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत दर मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण हालचाल 42 टक्के आणि योग्य आकार 4 टक्के हे खालचे आकडे आहेत. चार टक्के वाचून घाबरणारे फार असतात. बहुतेक शुक्राणू वेडेवाकडेच असतात, निरोगी माणसाचेसुद्धा. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस आणि पक्व होऊन बाहेर यायला आणखी दोनेक आठवडे जातात, म्हणून दोन महिन्यांपूर्वीचा डेंग्यूचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो. गोळी सुरू केली तर फेरतपासणीही तीन महिन्यांनीच. तेव्हा फरक नसेल तर गोळी बंद.

आता गोळीच्या पलीकडचं, घाईनेच. तंबाखू, गुटखा, मांडीवर तापलेला लॅपटॉप, अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा, हे सगळं बघायला हवंच. पण जिममध्ये ‘ताकदीसाठी’ घेतलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सगळ्यांत घातक. बाहेरून हॉर्मोन आलं की मेंदू अंडकोशाला आदेश देणं बंद करतो आणि काउंट शून्यावर जाऊ शकतो. ते थांबवल्यावर शुक्राणू परतायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. त्यामुळे डॉक्टरांना हे लपवू नका. आणि रिपोर्टमध्ये एकही शुक्राणू नसेल तर जीवनसत्त्वांवर तीन महिने घालवू नका. त्याच आठवड्यात यूरॉलॉजिस्टकडे जा. पत्नीचं वय 35 च्या पुढे असेल तर मूल होण्याची वाट बघत वर्षभर थांबायची गरज नाही, सहा महिन्यांनी दोघांनी तपासण्या सुरू कराव्यात.