भातानंतर गहू की वाल? गुंठ्याचा हिशेब

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

भात झोडून झालं की मोकळ्या खाचरात गहू घ्यावा का, असं दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. आधी गुंठ्याचा हिशेब मांडू. 2025-26 च्या खरेदी हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला 2425 रुपये होता. गुंठ्याला 20 किलो गहू धरला तर हाती आले 485 रुपये. त्यातच बियाणं, खत, कापणी, मळणी आणि पाच-सहा पाणी भागवायची. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांचं पाणी तर चुकवताच येत नाही, कारण तेव्हा मुकुटमुळं फुटतात. शिवाय आपल्याकडे किनाऱ्यावर थंडी कमी. फेब्रुवारीत ऊन चढलं की दाणा बारीक राहतो. विकण्यासाठी गहू इथे परवडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

वाल भाताच्या उरल्या ओलीवर येतो, पाण्याचा खर्चच नाही. गुंठ्याला 8 किलो सुके वाल निघाले, तर किलोला 61 रुपयांतच गव्हाएवढे पैसे होतात. आपल्या बाजारातला भाव यात घालून पाहा.

मात्र ओल दवडली की सगळं फसतं. चिखलणी केलेली जमीन वाळली की दगडासारखी होते, भेगा पडतात. म्हणून भारे उचलल्यावर खाचर रोज पाहा. मुठीत माती दाबली तर गोळा व्हावा, टाकला तर फुटावा. हा वाफसा. त्याच दिवशी नांगरा, ढेकळं फोडा, फळी फिरवा आणि पेरा. दोन ओळींत 30 सेंटिमीटर, दोन रोपांत 15. गुंठ्याला 500 ते 600 ग्रॅम बियाणं लागतं. बियाण्याच्या किलोला 25 ग्रॅम रायझोबियम हे जिवाणूखत चोळून सावलीत सुकवा. पेरताना गुंठ्याला एक किलो डीएपी खत पुरतं. नंतर युरिया टाकू नका. वेल माजतो आणि मावा धावून येतो.

खरी धास्ती मोकाट गुरांची. एकट्याने कुंपण घातलं तर नफा कुंपणातच जातो. सगळ्या वाडीने एकाच मळ्यात पेरा, राखण वाटून घ्या. ही बैठक भात कापण्याआधीच व्हायला हवी.

सुक्या शेंगा सकाळी दव असतानाच तोडा, उन्हात तडकून दाणे सांडतात. आणि विकायचे वाल घरात फार दिवस ठेवू नका. दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अंडी शेतातूनच शेंगांवर आलेली असतात. बियाण्यापुरते वाल कडक उन्हात वाळवून, राख मिसळून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.