केसांसाठीची फिनास्टेराइडची गोळी: डॉक्टरांना आधी काय सांगावे?

नमस्कार. पुण्यात सदाशिव पेठेतल्या औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट म्हणून काम करतो. स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुले आणि लग्नाचे बघायला सुरुवात झालेले तरुण मित्राच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर दाखवून फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी मागतात. मी ती देत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगण्यासाठी आजचा व्हिडिओ आहे.

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे डीएचटी या दुसऱ्या संप्रेरकात रूपांतर करणाऱ्या एन्झाइमला ही गोळी अडवते. आनुवंशिक टक्कल पडताना केसांची मुळे याच डीएचटीमुळे आकसत जातात, म्हणून तो घटला की गळती मंदावते. मात्र तो केवळ डोक्याच्या त्वचेत नव्हे, तर साऱ्या शरीरात घटतो. अमेरिकेत १९९७ साली या वापराला मान्यता मिळण्यापूर्वीच्या चाचण्यांत कामेच्छा कमी होणे, ताठरता न टिकणे, वीर्य कमी येणे अशा तक्रारी ही गोळी घेणाऱ्या ३.८ टक्के पुरुषांत आढळल्या. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २.१ टक्के होते. बहुतेकांच्या तक्रारी गोळी थांबवल्यावर जातात. काहींच्या मात्र नंतरही राहिल्याचे अहवाल आल्याने २०१२ मध्ये तेथील माहितीपत्रकात तशी नोंद करण्यात आली.

मला अधिक काळजी वाटते ती मनाची, कारण त्याविषयी दुकानात कोणीच विचारत नाही. युरोपच्या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. पूर्वी नैराश्य आले असेल, त्यासाठी औषध चालू असेल, तर ते त्वचारोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा, त्यांनी विचारले नाही तरी सांगा. केसांसाठी गोळी चालू असताना मन खचू लागले, तर ती थांबवून लगेच डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटू लागले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते. शक्य असेल तर घरातल्या एका माणसाला ही गोळी चालू असल्याचे माहीत असू द्या, कारण आपल्या स्वभावातला बदल आपल्याआधी त्यालाच दिसतो.

पैसे वाचवण्यासाठी प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या त्रासासाठी असलेली फिनास्टेराइडचीच पाच मिलिग्रॅमची गोळी सुरीने तोडून घेणारेही भेटतात. पत्नी गरोदर असेल, तर तुटलेल्या गोळीला तिचा हात लागता कामा नये. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला त्यातून धोका संभवतो. पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांनी पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची, रक्ततपासणी करताना ही गोळी चालू असल्याचे सांगावे, कारण तिच्यामुळे तो आकडा साधारण निम्मा होतो आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाची खूण नजरेआड राहू शकते.

दुष्परिणाम जाणवला तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर त्याची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते. गोळीचे नाव, ती कधी सुरू केली ती तारीख आणि तक्रार कधीपासून आहे, एवढे जवळ लिहून ठेवून फोन करा.