पंधराव्या वर्षी लग्न, तिशीत पिशवी काढली

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची तर पूर्ण कोयता फायद्याचा. शिवाय आईबाप सहा महिने फडावर जाणार, वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून बीडमधल्या कितीतरी घरांत हंगामाआधी लग्न उरकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इथल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के महिलांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २२ टक्के.

पाळी आली म्हणजे मुलगी बाळंतपणाला तयार झाली, असं घरात धरलं जातं. पण कटीराची, म्हणजे ओटीपोटाभोवतीची, हाडं त्यानंतरही काही वर्षं वाढत असतात. अरुंद वाटेत बाळाचं डोकं अडतं, कळा लांबतात. वेळेत सिझेरियन झालं नाही, तर सततच्या दाबाने मूत्राशय आणि योनीमधला पडदा मरतो, तिथे छिद्र पडतं आणि लघवी गळत राहते.

रक्ताचंही तसंच. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस, सरकारी दवाखान्यात फुकट. चहासोबत घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. पण मुळात नाव गावातल्या आशाताईकडे, आणि गरोदर मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर.

त्यात वयाची लपवाछपवी. अठराखालची मुलगी गरोदर दिसली की पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याने पोलिसांना कळवावं लागतं. म्हणून घरचे वय वाढवून सांगतात, नाहीतर दवाखानाच टाळतात. मग वाढलेला रक्तदाब कळतो तो थेट झटके आल्यावर.

अस्वच्छ बाळंतपण किंवा अर्धवट गर्भपात झाला, तर जंतुसंसर्ग गर्भनलिकांपर्यंत चढतो. नळ्या बंद होतात, पुढचं मूल राहत नाही. बोल मात्र बाईलाच. ज्यांना मुलं होतात, त्यांची विशीतच नसबंदी.

इतक्यावर थांबत नाही. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळीत तेच कापड. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. खाडा झाला की पैसे कापतात. अशा वेळी ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ हा सल्ला सोयीचा वाटतो. २०१९ मध्ये बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. सोबत बीजाशयंही काढली, तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. आणि डोक्यावर उसाची मोळी तीच.

पांढरं जाणं बहुतेकदा औषधांनी बरं होतं. नवऱ्यालाही उपचार लागू शकतात. शस्त्रक्रियेला हो म्हणण्याआधी सोनोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरचं मत, एवढं तरी मागावं. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची करावी लागली.