भीती उशिरा येते

निमंत्रणपत्रिकेत ‘एडीएचडी आणि किशोरवयातली जोखीम’ असा विषय आणि त्याखाली तीन मुद्दे छापलेत. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, स्थिर बसणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी, लहानपणापासूनची अवस्था. तिन्ही घेणार आहे. पण आधी एक किस्सा. (हशा) मागच्या रांगेला अनुभव दिसतोय.

पंधरा वर्षांचा मुलगा. डाव्या हाताला प्लास्टर, त्यावर मित्रांच्या सह्या. एकाने तर लिहिलं होतं, ‘पुढच्या वेळी उजवा’. हा पठ्ठ्या शाळेच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरत आला होता. वडिलांनी माझ्यासमोर त्याला परिणाम ऐकवायला सुरुवात केली. मान मोडली असती, जन्मभर अंथरुणाला खिळला असतास... अकरा मिनिटं. माझ्या टेबलावर घड्याळ असतं. तोवर चिरंजीवांनी एका हाताने माझा स्टेपलर उघडून आतली स्प्रिंग बाहेर काढली होती. वडील बाहेर गेल्यावर मी विचारलं, “भीती नाही वाटली?”

“वाटली की, सर. पण सुटल्यावर.”

मग म्हटलं, वडील काय म्हणाले ते सांग. घडाघडा सांगितलं, वर स्वतःचे दोन परिणाम जोडले! माझी तक्रार नेमकी इथे आहे. अशा मुलांना आपण बेदरकार म्हणतो आणि औषध म्हणून उपदेश पाजतो. अहो, उपदेश त्याला पाठ आहे. ऐन वेळी तो आठवत नाही, ही अडचण आहे.

आता येताना मीही चष्मा शोधत होतो आणि तो कपाळावर होता. पण ते वय. एडीएचडीच्या निदानाला लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. 2013पर्यंत ही अट सात वर्षांची होती. तेव्हा घरी जाऊन कुणी स्वतःचं निदान करू नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, छापलेले मुद्दे.

पहिला, मेंदू. 2007 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसातव्या वर्षी कमाल झाली, एडीएचडी असलेल्यांत साडेदहाव्या. सर्वांत जास्त उशीर पुढच्या भागात, म्हणजे जो ‘थांब’ म्हणतो तिथेच. दुसरा, वाट बघणं. उद्याच्या मोठ्या बक्षिसापेक्षा आत्ताचं छोटं त्यांना ओढतं. जुगारासारख्या प्रयोगांत धोक्याच्या हौसेपेक्षा कच्चा हिशेबच जास्त दिसतो. तिसरा, मित्र. 2005च्या एका प्रयोगात गाडी चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करत, प्रौढांना फरक पडत नसे. हे सगळ्याच मुलांचं. ज्यांचा ब्रेक मुळात सैल, त्यांचं काय होत असेल बघा. खऱ्या रस्त्यावर, न्यू जर्सीत, एडीएचडी असलेल्या तरुण परवानाधारकांना अपघाताचा धोका 36 टक्के जास्त आढळला. आणि अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात त्याच माणसांचे औषध घेतलेले आणि न घेतलेले महिने ताडून पाहिले, तर औषधाच्या महिन्यांत पुरुषांचे अपघात 38 टक्के कमी. दोन्ही 2017चे. प्रत्येक मूल असं वागतं असं नाही, हे शंभरदा सांगायला हवं. आज एकदाच सांगतो.

उपाय राहिलेच. त्या मुलाने आपला आपण काढला. शाळा सुटली की तो घोळक्याच्या पुढे उतरतो. मागे राहिलं की कठडा मोकळा दिसतो, म्हणाला.

स्टेपलर अजून तसाच आहे. ती स्प्रिंग परत कशी बसवायची, कुणाला येत असेल तर खाली भेटा.