एनडीएतल्या पोराला पहिल्या वर्षी भेटायला निघालाय? आधी हे ऐका

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं बोलतेय. आजचा व्हिडिओ त्या आईबापांसाठी आहे ज्यांचं पोरगं नाहीतर पोरगी आत्ताच खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या नॅशनल डिफेन्स ॲकॅडमीत, जॉईन झालीय आणि घरात रोज जेवताना एकच विषय, भेटायला कधी जायचं. माझा मुलगा तिथं आहे, त्यामुळं काही गोष्टी स्वतः बघितलेल्या आहेत आणि काही दुसऱ्या पालकांकडनं कळालेल्या. आतलं फुटेज दाखवा म्हणू नका बरं का, तो डिफेन्सचा एरिया आहे, तिथं मोबाईल काढून शूटिंग करत फिरायचं नसतं, त्यामुळं आज सगळा वेळ माझंच तोंड बघायचंय तुम्हाला.

तर पहिली गोष्ट. हे इंजिनीअरिंगचं हॉस्टेल नव्हे, की शनिवारी मनात आलं, डबा भरला आणि रविवारी गेटवर हजर. एनडीएचा कोर्स 3 वर्षांचा, त्यात 6 टर्म, म्हणजे पहिलं वर्ष म्हणजे पहिल्या दोन टर्म. आणि पहिल्या टर्मला पोरांना लगेच बाहेर सोडत नाहीत. आधी ड्रिल स्क्वेअर टेस्ट पास व्हायला लागते, डीएसटी म्हणतात सगळे. चालणं, वळणं, सॅल्यूट, युनिफॉर्म, सगळं बघतात, आणि ते पास झाल्यावरच लिबर्टी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायची परवानगी. आपल्याला वाटतं सॅल्यूट मारायला काय लागतंय, पण नापास होतात हो पोरं, बरीच होतात, आणि मग पुढच्या टेस्टपर्यंत आतच. आमच्या ओळखीतले एक जण गडहिंग्लजकडनं भाड्याची गाडी करून, आजी, आत्या, दोन चुलत भाऊ असा सगळा ताफा घेऊन निघायच्या तयारीत होते, आणि आदल्या दिवशी पोराचा फोन आला की डीएसटी राहिली. आता त्यात पोराची काय चूक. पण आजी त्याच्यावरच रुसली.

म्हणून तारीख तुम्ही ठरवायची नाही, ती पोरगं सांगेल. मोबाईल त्याच्या हातात नसतो, फोन कधी येईल याचा नेम नसतो, पण येतो. काही अडलंच तर त्याचे डिव्हिजनल ऑफिसर असतात, म्हणजे त्याच्या तुकडीकडं बघणारे अधिकारी, त्यांना विचारा.

आता जायचं कसं. कोल्हापूर ते पुणे साधारण 230 किलोमीटर, पण रस्त्याच्या कामांनी जे हाल केलेत ते तुम्हाला मी काय सांगायचं, पाच तास तरी धराच, आणि खंबाटकीत गाड्या अडकल्या तर देवाचं नाव घ्या. कात्रजचा बोगदा सोडला की नवले पूल, पुढं वारजे, आणि तिथनं शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे करत एनडीए रोड. पुणे शहरात शिरायचंच नाही. रेल्वेनं जाणार असाल तर कोयना सकाळी निघते आणि पुण्यात पोचेपर्यंत दुपार कलंडते, महालक्ष्मी रात्रीची आहे पण ती अपरात्री उतरवते, मग स्टेशनवर उजाडायची वाट बघत बसा. मी तर म्हणते आदल्या दिवशी जाऊन वारज्यात नाहीतर कोथरूडला कुणा पाहुण्याकडं राहा. प्रत्येक कोल्हापूरकराचा कोथरूडला एक तरी पाहुणा असतोच. आणि आधार कार्ड सगळ्यांचं ओरिजिनल घ्या, मोबाईलमधला फोटो नको.

किती जणांनी जायचं? दोघं. फार तर तिघं. हे ऐकून लोकांना राग येतो, माझ्या सासरच्यांनाही आला होता, पण मी ठाम आहे यावर. गाडीत सात सीट आहेत म्हणून सात माणसं न्यायची नसतात. त्याच्याकडं मोजके तास असतात, त्यातला अर्धा वेळ पाया पडण्यात आणि फोटोत जातो, आणि प्रत्येक जण तेच विचारतो, बारीक झालास की रे, काळा झालास की रे. तो बारीक झालाय हे त्याला माहितीय! केस जवळपास गेलेत हेही माहितीय.

मी काय बघितलं सांगते. समोरनं चालत आला तर मी बाजूच्या पोराकडं बघत होते, कारण चालच ओळखीची नव्हती, ब्लेझर, टाय, पाठ ताठ. जवळ आला आणि तोंड उघडलं तर आवाज बसलेला, ड्रिलला ओरडून ओरडून घसा पार गेलेला. त्याच्या पप्पांनी काहीतरी विचारलं तर "येस सर" म्हणाला, मग स्वतःच लाजला. हाताला घट्टे, रोप चढून. हॉटेलात बसलो तर खुर्चीला टेकेना, घास एवढ्या भराभर घेत होता की वेटर पाणी आणेपर्यंत पहिली चपाती संपलेली. आणि जेवण झाल्यावर गाडीत मागच्या सीटवर बसला, बूट काढून एकाला एक लावून सरळ ठेवले, हे पोर घरी चपला दारात फेकायचं, आणि पुढच्या मिनिटाला घोरायला लागला.

आमचे हे म्हणाले उठव की, एवढ्या लांबनं आलोय, सिंहगड समोर दिसतोय, पायथ्यापर्यंत तरी नेऊन आणू. मी म्हटलं गप बसा. सिंहगड काय, त्याला पुढं ट्रेनिंगमधल्या कॅम्प तोरणाला एवढे डोंगर चढायचेत की गड नको म्हणेल. दीड तास झोपला, आम्ही दोघं झाडाखाली बसलो, आणि माझ्या मते त्या दिवसातला तोच सगळ्यात चांगला खर्च झालेला वेळ. पहाटेपासनं पीटी, ड्रिल, मग क्लास, मग खेळ, आणि ग्रॅज्युएशनची डिग्री वेगळी, जेएनयूची मिळते ती, म्हणजे अभ्यास पण सुटत नाही. झोपू द्या पोराला.

जेवणाचं. मटण न्यायचंच असलं तर सुकं न्या, तांबडा-पांढरा एवढ्या लांब नेऊन सांडायचा नाद करू नका. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बस. आणि आत सोबत द्यायचं म्हणून भडंगाचं पाच किलोचं पोतं बांधायच्या आधी त्यालाच विचारा काय चालतं, कारण नको ते नेलं तर त्रास त्याला.

आता जरा अवघड विषय. रगडा. हा शब्द तुमच्या कानावर येणारच, शिक्षा म्हणून फ्रंट रोल वगैरे जे असतं ते. आया विचारतात, सिनियर त्रास देतात का रे? पोरगं हसून विषय बदलतं. मी सरळ विचारते, जेवतोस का, झोपतोस का, कुठं दुखतंय का. हे तिसरं महत्त्वाचं. कारण पोरं दुखणं लपवतात. का, तर फार दिवस ट्रेनिंग बुडलं नाहीतर पीटी, अभ्यासात मागं राहिलं तर रेलिगेशन होतं, म्हणजे एक टर्म मागं, आणि आपला कोर्स, म्हणजे सोबतची बॅच, पुढं गेलेला बघणं त्यांना नको असतं. पण नडगी दुखतेय आणि तसाच पळतोय असं कळलं तर तिथंच सांगा, बाळा एमआय रूमला, म्हणजे आतल्या दवाखान्यात, जा. खरंच काही गंभीर वाटलं तर डिव्हिजनल ऑफिसरशी बोला, गप बसून घरी येऊन रडण्यात अर्थ नाही.

आणि समजा म्हणाला, आई मला नाही राहायचं इथं? पहिल्या टर्मला बरेच जण म्हणतात. त्या क्षणी हो पण म्हणू नका, नाही पण म्हणू नका. एक मात्र माहिती असू द्या, जॉईन करताना तुम्ही बाँडवर सही केलेली असते, स्वतःच्या मर्जीनं सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरून द्यावा लागू शकतो. हे त्याच्या तोंडावर फेकायचं नाही, तुमच्या डोक्यात ठेवायचं. बाकी शिक्षण, राहणं, खाणं सरकारचं, आपल्याकडं फक्त पॉकेट मनी आणि किरकोळ खर्च. महिन्याला 56,100 रुपयांचा स्टायपेंड लगेच सुरू होतो असं जे लोक सांगतात ना, तो एनडीएत नाही, पुढं डेहराडून, दुंडिगल वगैरे ॲकॅडमीत गेल्यावर मिळतो.

मुलींच्या पालकांचे पण मेसेज येतात. एनडीएत मुली 2022 पासनं आहेत आणि पहिल्या 17 जणी 2025 च्या मे महिन्यात पास आऊट झाल्या. भेटीचं वर सांगितलं तेच सगळं त्यांनाही लागू, फक्त मामा-काकांना एक सांगून ठेवा, "मुलीच्या जातीला झेपतंय का" हा प्रश्न गाडीतच ठेवून उतरा.

परत सोडायचं तेव्हा टायमाच्या अर्धा-पाऊण तास आधी गेटला पोचा. रविवारी संध्याकाळी वारज्याचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीय, आणि उशीर तुमच्यामुळं झाला तरी उत्तर तोच देणार. गेटवर लांबण लावू नका, मिठी काय मारायची ती गाडीतच मारून घ्या, आजूबाजूला त्याचे कोर्समेट आणि सिनियर असतात.

पुढचा व्हिडिओ टर्म ब्रेकवर करतेय, पोरगं महिनाभर घरी येतं तेव्हा पहाटे उठून घर कसं डोक्यावर घेतं ते. सैनिक टाकळीचं कोण बघत असेल तर खाली नक्की लिहा, तुमच्याकडं घराघरात फौजी, तुमच्या आया सुट्टीवर आलेल्या पोराला उशिरापर्यंत झोपवतात तरी कशा, ते मला शिकायचंय.