ट्रॉलीच्या कुलपातलं नाणं

(दृश्य: सुपरमार्केटच्या दाराबाहेर एकात एक सरकवलेल्या ट्रॉल्यांची लांब रांग. कॅमेरा दांड्यांच्या उंचीवरून सावकाश पुढे सरकतो.)

ही रांग नीट बघा. प्रत्येक ट्रॉलीच्या दांड्यावर एक छोटं कुलूप आहे. प्रत्येक कुलपाला एक आखूड साखळी आहे, आणि ती साखळी शेजारच्या ट्रॉलीच्या कुलपात जाऊन अडकली आहे. नाणं टाकल्याशिवाय इथली ट्रॉली सुटत नाही. तरीही या अख्ख्या रांगेत आत्ता एकही नाणं नाही. एखाद्या भुरट्या चोराने ही सगळी कुलपं फोडली, तरी त्याच्या हाताला फक्त ग्रीस लागेल.

नाणं असतं ते रांगेतून सुटलेल्या ट्रॉलीत. कुणी दुकानात फडताळांसमोर उभं आहे, कुणी गाडीत सामान भरतंय, कुणी घाईघाईत ट्रॉली पार्किंगच्या कडेला सोडून गेलंय, अशा ट्रॉलीत. म्हणजे हे नाणं जेव्हा चोरीला जातं, तेव्हा ते दुकानाच्या गल्ल्यातून जात नाही. ते आपल्यासारख्या गिऱ्हाइकाचं असतं, आणि बरेचदा ते गिऱ्हाईक हाताच्या अंतरावर असतानाच जातं.

ते कसं जातं हे समजायचं, तर आधी कुलूप उघडावं लागेल.

(दृश्य: टेबलावर सुटं केलेलं कुलूप. झाकण बाजूला होतं. आतले भाग अगदी जवळून.)

झाकण काढलं. आत वीज नाही, बॅटरी नाही, कसलीही चिप नाही. एक सरकती पट्टी, एक खटका, स्प्रिंग, नाण्यासाठी एक खाच आणि चावीसाठी एक भोक. साखळीच्या टोकाला धातूचा जो चपटा तुकडा दिसतोय ना, तीच चावी.

आता हात बघा. चावी भोकात गेली, खटक्याने तिला धरलं. ओढा, येत नाही. खाचेत नाणं ठेवलं आणि आत रेटलं. नाण्याच्या कडेने खटका बाजूला सरला, चावी बाहेर पडली, ट्रॉली मोकळी झाली. पण त्याच हालचालीत नाणं अडकलं. आता ते बोटाने निघणार नाही. ते सोडवायला चावीच परत आत घालावी लागते. चावी आत, नाणं बाहेर. नाणं आत, चावी बाहेर. दोघांना एका वेळी आत जागाच नाही.

(दृश्य: तीच हालचाल पुन्हा, संथ गतीत. निवेदन काही क्षण थांबतं. फक्त खटक्याचा आवाज.)

इतकी साधी आणि इतकी सचोटीची यंत्रणा रोजच्या वापरात क्वचित सापडते. ही तुमचं नाव विचारत नाही. फोन नंबर मागत नाही. तुम्ही कधी आलात, किती वेळ थांबलात, याची नोंद ठेवत नाही. अनामत घेते, आणि ट्रॉली जागेवर आणली की पूर्ण परत करते. एक पैसाही कापत नाही. ट्रॉली परत ठेवणारा ओळखीचा असो की अनोळखी, श्रीमंत असो की गरीब, कुलपाला सगळे सारखे.

हे कुलूप कशासाठी आलं, हे कळायला ट्रॉलीच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

(दृश्य: संग्रहातली कृष्णधवल छायाचित्रं. चाकांच्या सांगाड्यावर तारेच्या दोन टोपल्या.)

साल 1937. अमेरिकेतलं ओक्लाहोमा सिटी. किराणा दुकानांचे मालक सिल्व्हन गोल्डमन यांच्या लक्षात आलं, की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. घडीच्या खुर्चीवरून त्यांना कल्पना सुचली: खुर्चीच्या सांगाड्याला चाकं लावायची आणि त्यावर वरखाली दोन टोपल्या ठेवायच्या. सुरुवातीला लोक या गाडीला हात लावेनात. तेव्हा गोल्डमन यांनी पैसे देऊन माणसं ठेवली, आणि ती माणसं दुकानात नुसत्या ट्रॉल्या ढकलत हिंडू लागली. त्यांना बघून मग बाकीच्यांची भीड चेपली.

पण त्या गाड्या दर वेळी उघडाव्या लागत आणि काम झालं की मिटून ठेवाव्या लागत. ही कटकट 1946 मध्ये कॅन्सस सिटीच्या ओर्ला वॉटसन यांनी संपवली. त्यांनी ट्रॉलीच्या मागच्या बाजूला वर उचलली जाणारी झडप दिली.

(दृश्य: एक ट्रॉली दुसरीत शिरते, झडप वर उचलली जाते. मग तिसरी, चौथी.)

हीच ती झडप. हिच्यामुळे एक ट्रॉली दुसरीच्या पोटात शिरते आणि डझनभर ट्रॉल्या थोडक्या जागेत मावतात. ट्रॉल्या अशा रांगेत उभ्या राहू लागल्या, म्हणून तर पुढे त्यांना एकमेकींशी साखळीने बांधता आलं. वॉटसन यांच्या झडपेशिवाय आजचं नाण्याचं कुलूप शक्यच नव्हतं.

दुकानं मोठी झाली, ट्रॉल्याही वाढल्या, आणि त्या घरापर्यंत जाऊ लागल्या. रस्त्याच्या कडेला, नाल्यात, कालव्याच्या गाळात सापडू लागल्या. इंग्लंडमध्ये तर 1990 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात बेवारस ट्रॉल्यांसाठी वेगळं कलम घालावं लागलं. स्थानिक संस्थांना अशा ट्रॉल्या उचलून नेण्याचा आणि तो खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार त्या कलमाने दिला.

(दृश्य: पाण्यात अर्धवट बुडालेली ट्रॉली, जाळीला शेवाळ.)

1980 च्या दशकापासून युरोपभर नाण्याची कुलपं पसरली, ती याच दुखण्यावरचा इलाज म्हणून. अमेरिकेत ती फारशी रुजली नाहीत. तिथे आल्डी या दुकानसमूहाची दुकानं पंचवीस सेंटच्या नाण्यावर ट्रॉल्या देतात, बाकी बहुतेक ठिकाणी ट्रॉली मोकळीच असते.

कुलपाला नाण्याची किंमत कळत नाही. वजन कळत नाही, धातूही कळत नाही. त्याला कळतो तो फक्त आकार: व्यास आणि जाडी. एक युरोचं नाणं 23.25 मिलिमीटर व्यासाचं आणि 2.33 मिलिमीटर जाडीचं. ब्रिटनचा जुना गोल पाउंड 22.5 मिलिमीटर व्यासाचा आणि 3.15 मिलिमीटर जाड. 28 मार्च 2017 रोजी तिथे बारा कोनांचा नवा पाउंड आला. तो थोडा रुंद आणि थोडा पातळ होता. फरक मिलिमीटरच्या अंशांचा, पण देशभरातल्या कित्येक ट्रॉल्यांची कुलपं त्यासाठी बदलावी लागली. 15 ऑक्टोबर 2017 ला जुना पाउंड चलनातून गेला, आणि त्या धांदलीत काही दुकानांना आपल्या ट्रॉल्या काही काळ मोकळ्याच सोडाव्या लागल्या.

फक्त आकार ओळखण्याच्या या स्वभावामुळेच एक साधी फसवणूक चालते.

(दृश्य: कुलपाच्या खाचेत लोखंडी वॉशर. कॅमेरा वर जातो, दोन माणसं ट्रॉली आणि नाणं यांची अदलाबदल करतात. प्रात्यक्षिक.)

तुम्ही नाणं हातात घेऊन रांगेकडे निघाला आहात. समोरून एक जण रिकामी ट्रॉली घेऊन येतो. म्हणतो, ‘माझीच घ्या, परत लावायचा खटाटोप वाचेल.’ तुम्ही त्याला नाणं देता, तो तुम्हाला ट्रॉली देतो. दोघांची सोय झाली. अशी देवाणघेवाण हजारो लोक मनापासून करतात आणि ती करत राहावी. पण कधीतरी त्या खाचेत नाणं नसतंच. नाण्याच्या मापाचा वॉशर असतो, नाहीतर कवडीमोलाची चकती. तुम्हाला ते कळतं खरेदी संपल्यावर, ट्रॉली जागेवर लावताना. तोवर तो माणूस निघून गेलेला असतो.

दुसरी तऱ्हा याहून थेट आहे.

(दृश्य: तळहातावर तुटकी चावी. चावीला साखळीच्या दोन कड्या अजून लटकलेल्या.)

ही कुठल्या तरी ट्रॉलीची चावी. साखळी तोडून काढलेली. एका प्रकारच्या कुलपांच्या सगळ्या चाव्या एकसारख्याच असतात. त्या तशा असाव्याच लागतात, नाहीतर कुठलीही ट्रॉली कुठल्याही ट्रॉलीमागे लावता आली नसती. म्हणजे ही एक चावी खिशात असली, की दुसऱ्या ट्रॉलीशेजारी नुसतं उभं राहून आत घालायची आणि नाणं बाहेर. ना फोडाफोड, ना झटापट. गिऱ्हाईक भाव वाचायला वळलेलं असतं, किंवा गाडीच्या डिकीत वाकलेलं असतं. परत वळल्यावर ट्रॉली आहे, सामानही जिथल्या तिथे आहे, म्हणून संशयही येत नाही. ट्रॉली परत लावताना मात्र खाच रिकामी.

ज्याच्याकडे चावी नाही, तो स्क्रू ड्रायव्हर घुसवतो.

(दृश्य: दुरुस्तीच्या टेबलावर ओळीने मांडलेली फुटकी कुलपं. चिरलेली झाकणं, वाकलेल्या पट्ट्या, उपटलेले स्क्रू.)

या ओळीतलं प्रत्येक कुलूप एकेका नाण्यासाठी फोडलेलं आहे. कारागीर जुनं कुलूप दांड्यावरून उतरवतो. साखळी तपासतो. नवं कुलूप बसवतो, स्क्रू आवळतो, मग नाणं टाकून बघतो, चावी घालून बघतो, पुन्हा नाणं. खटका तीनदा नीट वाजला की ट्रॉली बाजूला करतो आणि पुढची ओढून घेतो.

फुटलेलं कुलूप नाण्यापेक्षा महाग पडतं, दुरुस्तीपर्यंत ट्रॉली पडून राहते, आणि काही दुकानं कंटाळून कुलपंच काढून टाकतात.

(दृश्य: संध्याकाळचं पार्किंग. विखुरलेल्या ट्रॉल्या. एक माणूस त्या एकेक करून गोळा करतोय.)

या माणसाबद्दल मात्र आम्हाला ठामपणे बोलायचं आहे. लोक सोडून गेलेल्या ट्रॉल्या तो गोळा करतो, रांगेत नेऊन लावतो, आणि कुलपातून बाहेर पडलेलं नाणं खिशात टाकतो. त्याच्याकडे बघून कपाळाला आठ्या घालणारे आम्ही पाहिले आहेत. हा चोर नाही. ज्याने ट्रॉली जिथे होती तिथेच सोडली, त्याने चार पावलं चालण्याऐवजी नाणं सोडायचं ठरवलं. ती चार पावलं हा माणूस चालला. कुलूप नेमकं याच कामाचे पैसे देतं. वाटेतली अडचण दूर झाली, ट्रॉली जागेवर आली, दुकानाच्या माणसाचे श्रम वाचले. अंगावर धावून येणारा, ट्रॉली हातातून ओढून घेणारा वेगळा, आणि हा वेगळा. दोघांना एकाच नावाने हाक मारू नये.

कायद्याचं काय? नाणं छोटं म्हणून चोरी माफ होत नाही. इंग्लंडच्या 1968 च्या चोरीविषयक कायद्यात चोरीची व्याख्या आहे, तिच्यात किमान रकमेची अट नाही. जर्मनीत हा प्रश्न अधिक बारकाईने हाताळला आहे. तिथल्या दंडसंहितेत कुलूपबंद वस्तूची चोरी अधिक गंभीर धरली जाते, पण वस्तू क्षुल्लक किमतीची असेल तर तो गंभीरपणा लागू होत नाही. कलम 248अ नुसार अशा किरकोळ चोरीचा खटला सहसा नुकसान झालेल्याने तक्रार केली तरच चालतो. आणि एका नाण्यासाठी तक्रार द्यायला कोण जातं? कुलूप फोडणं हा मालमत्तेच्या नुकसानीचा वेगळा गुन्हा आहे, तो दुकानाने लावून धरायचा.

(दृश्य: ट्रॉलीचं चाक जवळून. मग मोबाइलच्या पडद्यावर ट्रॉली सुटल्याची खूण.)

कुलपाला पर्याय आहेत. जमिनीत पुरलेल्या तारेवरून ट्रॉली पुढे गेली की चाक आपोआप अडकतं, अशी व्यवस्था कित्येक दुकानांत आहे. मोबाइलने सुटणारी ट्रॉलीही आहे. पण चाक अडकवणारी यंत्रणा ट्रॉली फक्त हद्दीत ठेवते, रांगेत परत आणत नाही. आणि मोबाइलची ट्रॉली ज्याच्याकडे तसा फोन नाही, त्याला दारातच अडवते. भुरट्या चोरांच्या भीतीने नाण्याचं कुलूप मोडीत काढायचं, म्हणजे त्यांनी नाण्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट नेली.

(दृश्य: किल्ल्यांच्या जुडग्यात प्लॅस्टिकची गोल चकती. ती खाचेत जाते, चावी सुटते.)

ही चकती चोराच्या काही कामाची नाही. मापाने नाण्याएवढी, किमतीने शून्य. कुलूप तिच्यावर तसंच चालतं, खरेदी झाल्यावर ती परत मिळते, आणि ती पळवण्यासाठी कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन येणार नाही. बाजारात कुलूप उघडताच लगेच काढून घेता येणारी चकतीही मिळते. ती घेऊ नका. तिने अनामत उरतच नाही, आणि ट्रॉली परत लावायचं कारणही.

अनोळखी माणसाने ट्रॉली देऊ केली तर घ्या, आधी खाचेत काय आहे ते बघा.

आणखी एक. रांगेत एखाद्या ट्रॉलीची साखळी तुटलेली दिसली, टोकाला चावी नसली, तर आत जाऊन दुकानाच्या माणसाला सांगा. ती चावी आता कुणाच्या तरी खिशात फिरते आहे, आणि तिथल्या वापरातल्या कुठल्याही ट्रॉलीतलं नाणं तिने निघतं.