उताऱ्यात नसलेलं रान

(दृश्य: फेब्रुवारीची सकाळ, गोव्यातला सत्तरी तालुका. काजूच्या बुडातला पाचोळा लोटणारे हात.)

वाळपई मागे टाकून म्हादईच्या रानाकडे निघालं की रस्त्याच्या एका अंगाला काजू लागतो आणि दुसऱ्या अंगाला रान. हंगाम तोंडावर आलाय. पाचोळ्यात पडलेली बी सापडत नाही, म्हणून झाडाखालची जमीन आधी लख्ख करून ठेवायची. लोटलेल्या पाचोळ्याचा ढीग होतो, ढिगाला काडी लागते. दुपारी वारा फिरला तर तीच आग रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

पलीकडे माट्टीचं झाड आहे. गोव्याचा राज्यवृक्ष. साल बघा, मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. जाड सालीमुळे थोरलं झाड बहुतेक वेळा आगीतून वाचतं. त्याच्या बुडात उगवलेली वीतभर रोपं मात्र वाचत नाहीत. पुढल्या वर्षी पुन्हा आग, पुन्हा रोपं गेली. अशी काही वर्षं गेली की रानात म्हातारी झाडं उरतात आणि त्यांच्या मागून येणारं कुणी नसतं. मग त्या मोकळ्या जागेत काजूची बी टोचायला कुणाची आडकाठी नसते.

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात ठिकठिकाणी आगी लागल्या, तेव्हा विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. धुराची ती चित्रं साऱ्या देशानं पाहिली. दर उन्हाळ्यात गुपचूप मागे सरकणारी रानाची ही कड मात्र कुणाच्या बातमीत येत नाही. आज आपण तिच्याकडे बघणार आहोत.

(दृश्य: जुना सर्वे नकाशा. त्यावर फिरणारं बोट.)

मुळात जंगल म्हणायचं कशाला?

प्रश्न साधा वाटतो, पण कित्येक वर्षं त्याचं उत्तर कागदावर अवलंबून होतं. सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असेल तर ते जंगल. नसेल तर तिथे कितीही दाट झाडी असो, ती कुणाची तरी खासगी जमीन.

हे बदललं ते नीलगिरीतल्या एका तक्रारीमुळे. गुडलूर भागात चाललेली जंगलतोड पाहून निलंबूरच्या टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 12 डिसेंबर 1996 रोजी न्यायालयानं सांगितलं, की वन या शब्दाचा शब्दकोशात जो अर्थ आहे तोच धरायचा, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो. केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे वनेतर काम करता येणार नाही. एवढ्यावर न्यायालय थांबलं नाही. प्रकरण निकाली न काढता ते उघडं ठेवलं, आदेशामागून आदेश देत राहिलं आणि 2002 मध्ये पाहणीसाठी केंद्रीय अधिकारप्राप्त समिती नेमली. गोदावर्मन 2016 मध्ये वारले. त्यांच्या नावाचा खटला अजून चालू आहे.

2023 मध्ये संसदेनं वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि नोंद नसलेल्या रानाचं काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. 19 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की तूर्त 1996 चाच अर्थ पाळायचा. आपल्या डोंगरांसाठी ही तारीख फार महत्त्वाची आहे.

(दृश्य: वरून दिसणारी टेकडी. अर्धी हिरवी, अर्धी तांबडी.)

आता गोव्यात या. जेमतेम 3,702 चौरस किलोमीटरचं राज्य. अभयारण्यं आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान धरून संरक्षित क्षेत्र सुमारे 755 चौरस किलोमीटर. त्याखेरीज कोमुनिदादीच्या म्हणजे गावसंस्थेच्या सामाईक, भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या आणि इतर खासगी मालकांच्या जमिनींवर उभं असलेलं रान आहे. ते शोधायला 1997 मध्ये सावंत समिती बसली, 2000 मध्ये करापूरकर समिती. दोघांनी मिळून सुमारे 67 चौरस किलोमीटर खासगी वन शोधून काढलं. पुढे आणखी समित्या आल्या, फेरतपासणी आली, हरकती आल्या.

खासगी वन ओळखायचे निकष तीन. 75 टक्के झाडं वनप्रजातींची हवीत. क्षेत्र सलग हवं, किमान 5 हेक्टर. आणि झाडांच्या छत्रानं चार-दशांश जमीन झाकलेली हवी. हे निकष फार कडक आहेत, ते सैल करा, असं पर्यावरणवाद्यांचं म्हणणं होतं. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकष आहेत तेच कायम ठेवले.

निर्णय न्यायालयाचा आहे, तो मान्यच. पण या तीन अटी एकदा त्या टेकडीसमोर उभं राहून वाचा. मोजणी व्हायच्या आधी कुणी चार मोठी झाडं पाडली, छत्र विरळ झालं, तर ती टेकडी अटीत बसत नाही. मधून एक रस्ता काढला, सलग तुकड्याचे दोन झाले, तर पाच हेक्टर भरत नाहीत. दोन हंगाम आग फिरली, वनझाडं घटली, काजू वाढला, तर 75 टक्केही गेले. म्हणजे जो माणूस रान आधी मारतो, त्याला ते जंगल नव्हतं असं पुढे सांगता येतं. माझ्या मते गोव्यातल्या सगळ्या अतिक्रमणाचं मूळ इथे आहे. न्यायालय पोचतं तेव्हा बऱ्याचदा पुरावा जळून गेलेला असतो.

(दृश्य: काजूच्या बागेत वाकून बिया वेचणारी वयस्क बाई.)

तरी काजू लावणारा प्रत्येक माणूस अतिक्रमणवाला, असं आम्ही म्हणत नाही. या काकींना विचारलं, ‘‘काकी, ही जागा कुणाची?’’ बी बोंडापासून पिळून काढत त्या म्हणाल्या, ‘‘कागद सरकारचो म्हणतात. काजू माझ्या मांवान लायलेले.’’ मांव म्हणजे सासरे. डोंगरउतारावर कुमेरी, म्हणजे झाडोरा तोडून-जाळून केलेली फिरती शेती, करून नाचणी पिकवणारी, मग काजूकडे वळलेली ही घरं. गावडा, कुणबी, वेळीप यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखालचे दावे वर्षानुवर्षं फायलीत पडून राहिले. ज्याचा हक्क खरा, त्याच्या हातात कागद नाही. आणि ज्याचा काहीच संबंध नाही, तो त्याच घोळाचा आडोसा घेऊन कुंपण घालतो. दोघं एकाच रांगेत उभे दिसतात, हा या काकींवरचा मोठा अन्याय आहे.

(दृश्य: रात्रीचं रान. कॅमेरा-ट्रॅपमधलं करडं चित्र.)

जानेवारी 2020. सत्तरीतल्या गोळावलीच्या रानात, म्हादई अभयारण्याच्या हद्दीत, चार वाघ मेलेले सापडले. विषानं मारलेले. तोवर आपल्याकडे वाघ आहेत की नुसते येऊन जातात, यावर वाद घालणारेही गप्प झाले.

त्यातून उभं राहिलेलं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे आलं. 24 जुलै 2023 रोजी न्यायालयानं राज्य सरकारला आदेश दिला, की म्हादई आणि लगतचं क्षेत्र तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा. बातमी एवढीच झाली. निकालाच्या बाकीच्या सूचना आमच्या विषयासाठी जास्त मोलाच्या आहेत: संरक्षित क्षेत्रात अतिक्रमण होणार नाही हे बघा, मोक्याच्या जागी चोरट्या शिकारीविरुद्ध चौक्या उभारा, तिथे माणसं नेमा. आणि रानात राहणाऱ्यांचे हक्काचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा.

हद्द आखणं आणि हक्क ठरवणं ही दोन कामं न्यायालयानं एकत्र सांगितली, कारण ती वेगळी होतच नाहीत. कुणाचं काय हे ठरल्याशिवाय कुणी काय बळकावलं हे सिद्ध करता येत नाही. म्हादई अभयारण्य जाहीर झालं 1999 मध्ये. चोवीस वर्षांनी न्यायालयाला हे सांगावं लागलं.

राज्य सरकार त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे 2025 मध्ये तीच केंद्रीय अधिकारप्राप्त समिती पाहणीसाठी आली. मोलेच्या लोकांना ही समिती ओळखीची. कॅसलरॉक ते कुळे रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध तिनंच 2021 मध्ये अहवाल दिला होता, आणि 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या कामाची वन्यजीव मंजुरी रद्द केली होती.

(दृश्य: रस्त्याकडेचं बांधकाम. पत्र्याची शेड, विटांचा ढीग.)

वाघांचं रान सोडून खाली, रस्त्याकडे आलं की अतिक्रमणाची पद्धत बदलते. आधी पत्र्याची शेड. मग वीज. मग पंचायतीचा घर क्रमांक. मग घरपट्टीची पावती, आणि ती पावतीच पुढे पुरावा म्हणून दाखवली जाते. 6 मार्च 2025 रोजी गोवा खंडपीठानं स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात रस्त्याकडेच्या आणि सरकारी, कोमुनिदादीच्या जागेतल्या बेकायदा बांधकामांवर कारवाईची जबाबदारी पंचायती, तलाठी आणि वरच्या अधिकाऱ्यांवर टाकली. त्याच महिन्यात, 13 मार्चला, नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) खाली एकेका सर्वे नंबरचा झोन बदलण्यासाठी केलेले नियम याच खंडपीठानं रद्द केले.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात विधानसभेनं कायद्यात दुरुस्ती आणली. 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीची कोमुनिदाद जागेतली घरं अटींवर नियमित करायची. ज्यांना दुसरं घर नाही त्यांची काळजी सरकारनं घ्यायलाच हवी, याबद्दल आमच्या मनात दुमत नाही. पण अशी तारीख एकदा जाहीर झाली की आज बांधणारा माणूस पुढच्या तारखेची वाट बघायला शिकतो. भीती वाटते ती याची.

(दृश्य: बांबर गाव. दगडी पायवाट, मग अचानक अंधार आणि पाण्याचा आवाज.)

हे बांबर. इथली निरंकाराची राय. राय म्हणजे देवराई. आत पाऊल टाकलं की चिखल आणि त्या चिखलातून वर आलेली मुळं, दुमडलेल्या गुडघ्यांसारखी. रानजायफळाची झाडं आहेत ही. सदा पाणथळ जागेत उभी असल्यामुळे मुळं अशी बाहेर येऊन श्वास घेतात. अशा दलदली आता पश्चिम घाटात मोजक्याच उरल्यात.

रायीतली काठीसुद्धा घरी न्यायची नाही, हा इथला दंडक. तो कोणत्याही न्यायालयानं घातलेला नाही आणि त्याला कुणी पाच हेक्टरांची अट लावलेली नाही. गोव्यातल्या कितीतरी राया एवढ्या मोठ्या भरणारही नाहीत.

(दृश्य: संध्याकाळ. खाकी शर्टातला वनरक्षक, हातात हिरवी डहाळी.)

परतताना समोरच्या उतारावर धूर दिसला. बारीक, सरळ वर जाणारा. वनरक्षकानं गाडी थांबवली, झुडपाची पानांसकट डहाळी तोडून हातात घेतली आणि चालायला लागला. आग झोडपून विझवायला त्याच्याकडे तेवढंच होतं. वाटेत सीमेची सिमेंटची खूण होती, पाचोळ्यात अर्धी बुडालेली. त्यानं पायानं पाचोळा बाजूला केला, खुणेवरचा आकडा वाचला, वहीत लिहून घेतला आणि पुढे गेला.